तारेवरचे नख आणि मालकीचा वाद

गेल्या पावसाळ्यात एका घरगुती बैठकीत शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचे एक ध्वनिमुद्रण ऐकण्याचा योग आला. इस्तंबूलचे तंबूरी जेमिल बे केमेंचे हे गजाने वाजवायचे छोटे वाद्य वाजवत होते. जेमतेम तीन मिनिटांची तबकडी, खरखर भरपूर, आणि त्या खरखरीतून वाट काढत येणारा, माणसाच्या गळ्याशी नाते सांगणारा एक ओला, किंचित घोगरा सूर. तबकडी संपली आणि पाच मिनिटांत वाद सुरू झाला. हे मुळात बायझंटाइन चर्चचे संगीत, तुर्कांनी ते आयते उचलले, असे एकाचे म्हणणे. मकामांची, म्हणजे तिकडच्या रागांची, नावे फारसी आहेत, तेव्हा हे इराणचे, असे दुसऱ्याचे. तिसऱ्याला ते अरबांचे वाटत होते, आणि चौथा तुर्कांची बाजू घेऊन तावातावाने बोलत होता. तासभर हे चालले. वाजवणारा माणूस कोण होता, तो कोणाकडे शिकला, हे त्या तासाभरात कोणीही विचारले नाही.

वाद आमच्या दिवाणखान्यापुरता असता तर त्यावर लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु उस्मानी अभिजात संगीत कोणाचे, हा प्रश्न गेली शंभर वर्षे तुर्कस्तानात आणि ग्रीसमध्ये याच पद्धतीने मांडला गेला आहे, आणि त्यापायी गाणी बंद पडली आहेत, माणसांची नावे पुसली गेली आहेत. माझे म्हणणे असे आहे की, या वादातले सगळेच पक्ष चुकीचा कागद मागत आहेत. त्यांना या संगीताचा सातबारा हवा आहे, आणि त्यातही केवळ मालकाच्या नावाचा भाग. त्याच उताऱ्यावर जमिनीत कोणते पीक घेतले गेले याचीही नोंद असते, तिकडे कोणाची नजर जात नाही. संगीतावरचा हक्क वंशावरून ठरवता येत नाही. कोण कोणासमोर बसून शिकले, किती वर्षे घासले आणि पुढे कोणाच्या हाती दिले, यावरूनच तो ठरवावा लागतो. जेमिल बे यांचे आयुष्य जवळून पाहिले तर दुसरी कोणतीही फूटपट्टी त्याला लागत नाही.

ते १८७३ साली इस्तंबूलमध्ये जन्मले. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. पुढे परराष्ट्र खात्यात कारकुनी केली, आणि १९१६ साली, महायुद्ध चालू असताना, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी क्षयाने ते गेले. बाहेरून पाहता आयुष्य एवढेच. आतून पाहायचे तर आधी तंबूर पाहावा लागतो. आपल्या तंबोऱ्याशी नावाने जवळ असलेले, पण स्वरसाथीपुरते न राहणारे हे लांब दांडीचे वाद्य दरबारात आणि मेवलेवी या सूफी पंथाच्या दरवेशांच्या मठांत मानाचे समजले जाई. कासवाच्या कवचाच्या लांबट पट्टीने ते छेडतात, आणि त्या पट्टीला तुर्कीत मिझराप म्हणतात. आपले सतारिये बोटात घालतात ती मिजराब आणि हा मिझराप, दोन्ही एकाच अरबी शब्दापासून आले आहेत. जेमिल बे यांच्या आधीचे तंबूरवादन संथ होते. आघात मोजके असत आणि एकदा छेडलेला सूर विरेपर्यंत ऐकू दिला जाई. त्यांनी उजव्या हाताला आजवर नसलेली चपळाई दिली, लागोपाठच्या आघातांनी सूर जागता ठेवला, आणि तेवढ्यावर समाधान न मानता तंबुरावर गजही चालवून पाहिला.

केमेंचेची हकिगत याहून बोलकी आहे. नासपतीच्या आकाराचे, हातभर लांबीचे, तीन तारांचे हे वाद्य मांडीवर उभे धरून गजाने वाजवतात. त्याची तार बोटाच्या पेराने दाबत नाहीत. नख कडेने तारेला टेकवतात आणि तारेच्या बाजूने वर-खाली सरकवतात. आपले सारंगिये नेमके हेच करतात. एखाद्या सारंगीवादकाच्या नखांच्या मुळाशी पडलेले घट्टे ज्यांनी पाहिले असतील त्यांना मी काय म्हणतो ते चटकन कळेल. पट्टीवर बोट दाबले की सूर पडद्यासारखा ठाम उभा राहतो, पण नखाच्या आधाराने सरकणारा सूर दोन स्वरांमधली सगळी जागा चालून जातो. एकोणिसाव्या शतकात हे वाद्य लाव्ता या तंतुवाद्याच्या जोडीने इस्तंबूलच्या मद्यगृहांत आणि नाच्या पोरांच्या मेळ्यांत वाजत असे. कोठ्याचा शिक्का बसलेल्या सारंगीला आपल्याकडे जी वागणूक मिळाली, तीच तिकडे केमेंचेला मिळत होती. केमेंचेला अभिजात मैफलीत आणण्याचे मोठे श्रेय वासिलाकी या ग्रीक वादकाकडे जाते, आणि वासिलाकींचे वादन समोर होते म्हणूनच जेमिल बे यांनी हे वाद्य हाती धरले. एक मुसलमान सरकारी कारकून, ज्याचे मुख्य वाद्य दरबारी तंबूर, तो एका ग्रीक कलावंताकडून मद्यगृहातले वाद्य उचलतो आणि त्यातून अशी ताक्सिमे काढतो, की आज केमेंचे शिकणारा कोणीही त्यांच्यापासूनच सुरुवात करतो. ताक्सिम म्हणजे तालाविना चाललेला, मकामाची वाट हळूहळू उलगडणारा विस्तार. आपल्या आलापाचा तो सख्खा चुलतभाऊ शोभावा. आता या तीन मिनिटांचा मालक कोण, असे विचारले तर उत्तर कोणत्या जमातीच्या नावाने द्यायचे?

हा प्रश्न जेमिल बे यांना जिवंतपणी फारसा कोणी विचारला नसावा. तो धारदार झाला त्यांच्या पश्चात. १९२३ साली झिया ग्योकाल्प यांनी तुर्की राष्ट्रवादाची मांडणी करताना असे प्रतिपादन केले की, शहरी उस्मानी संगीत हे मूळचे बायझंटाइन, फाराबी या मध्ययुगीन तत्त्वज्ञाने ते तिकडून घेतले. तुर्कांचे खरे संगीत खेड्यापाड्यांतल्या लोकगीतांत आहे, आणि राष्ट्रीय संगीत घडेल ते या लोकगीतांना पाश्चात्त्य तंत्राची जोड देऊन. हा केवळ पुस्तकी विचार राहिला नाही. १९२६ साली इस्तंबूलच्या सरकारी संगीतशाळेतून या संगीताचे शिक्षण काढून टाकले गेले, आणि नोव्हेंबर १९३४ मध्ये अतातुर्क यांच्या संसदेतील भाषणानंतर ते नभोवाणीवरूनही बंद झाले. जवळपास दोन वर्षे तुर्कस्तानची नभोवाणी स्वतःच्या शहरांचे संगीत वाजवत नव्हती, आणि श्रोते कैरो केंद्राकडे कान लावून बसत. आता याच काळात एजियन समुद्राच्या पलीकडे काय चालले होते ते पाहा. १९२३ च्या लोकसंख्येच्या अदलाबदलीत आशिया मायनरमधून ग्रीसला गेलेले निर्वासित आपल्याबरोबर उद, कानून ही तंतुवाद्ये आणि मकामांतली आर्त गाणी घेऊन गेले होते. १९३६ साली सत्तेवर आलेल्या मेटाक्सासच्या हुकूमशाहीने त्यांच्यावर सेन्सॉर बसवला, कारण ती गाणी तुर्की वळणाची, पौर्वात्य, म्हणून ग्रीकांना अशोभनीय. एका किनाऱ्यावर संगीत बायझंटाइन म्हणून हाकलले गेले आणि दुसऱ्या किनाऱ्यावर तुर्की म्हणून. दोन्ही सरकारांकडे विद्वान होते आणि दोघांचाही वंशशोध पक्का होता. ज्या निकषाने एकाच सुराला दोन्ही घरांतून बाहेर काढता येते, त्या निकषात काही बिघाड आहे असे मानायला आणखी कोणता पुरावा हवा?

ग्योकाल्प यांना उत्तर देणाऱ्यांनी तरी हा निकष नाकारला का? तेही झाले नाही. या संगीताच्या बाजूने सर्वांत हिरिरीने लढणारे सादेत्तिन आरेल यांनी, तुर्की संगीत कोणाचे, याच प्रश्नावर दीर्घ लेखमाला लिहिली, आणि ते ना बायझंटाइनांचे, ना अरबांचे, ना इराण्यांचे, तर तुर्कांचेच, असा निष्कर्ष काढला. त्यांच्या तळमळीबद्दल मला आदर आहे. बंदीच्या दिवसांनंतर या कलेला उभे करण्यासाठी कोणीतरी असे ओरडून सांगणे त्या वेळी गरजेचेही असेल. पण त्यांनी प्रतिपक्षाचाच सातबारा मागवला आणि फक्त नाव बदलून घेतले.

विरोधी मतांतले जे खरे आहे ते मान्य केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मुळांचा शोध व्यर्थ आहे असे मी म्हणत नाही. रास्त, सेगाह, चारगाह ही नावे फारसी आहेत, हिजाझ अरबी आहे, चर्चच्या गायनपद्धतीत आणि मकामांत जवळीक आहे, आणि एदिर्नेच्या ज्यूंनी हिब्रू स्तोत्रे याच मकामांत बांधली. हा सारा इतिहास अभ्यासलाच पाहिजे. माझा आक्षेप, मूळ सापडले की मालक सापडला, या उडीला आहे. जेमिल बे यांची शेदअराबान मकामातली साज सेमाई ही वाद्यरचना घ्या. दहा मात्रांचा ताल, तीन-दोन-दोन-तीन असा. या तालाचे नाव आक्साक सेमाई, आणि त्यातल्या आक्साक या शब्दाचा अर्थच लंगडा. आपल्या झपतालातही दहाच मात्रा, पण त्या दोन-तीन-दोन-तीन अशा चालतात, म्हणून मराठी कानाला ही रचना पहिल्यांदा ऐकताना समेच्या जागी पाय टाकावा आणि पायरी थोडी खाली असावी तसे होते. चार खंड आहेत, प्रत्येकानंतर तेच पालुपद परत येते, आणि चौथ्या खंडात ताल बदलून सगळे एकदम वेग घेते. ही रचना आज अरब देशांत उद शिकणारा जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी बसवतो, आणि तिथे तिच्या कर्त्याचे नाव जमील बे असे उच्चारले जाते. तिच्या मकामाचे मूळ शोधून त्या रचनेतल्या एका तरी वळणाचा उलगडा होईल का? ते वळण इस्तंबूलमधल्या एका माणसाच्या बोटांत घडले आणि नंतर कैरोपासून बगदादपर्यंत हजारो बोटांनी ते आपलेसे केले.

दुसरा आक्षेप याहून फार गंभीर आहे, आणि तो मला अनेक दिवस सतावत राहिला. सगळ्यांचे सामायिक संगीत, असे म्हणणे बलिष्ठांना सोयीचे असते. १९१५ च्या २४ एप्रिलला इस्तंबूलमध्ये आर्मेनियन विचारवंतांची जी धरपकड झाली, तीत कोमितास हा थोर संगीतज्ञ होता. तो परतला, पण त्याचे मन पुन्हा सावरले नाही. त्या वेळी जेमिल बे याच शहरात होते. १९४२ चा संपत्ती कर प्रामुख्याने ग्रीक, आर्मेनियन आणि ज्यू नागरिकांना बुडवणारा ठरला, आणि सप्टेंबर १९५५ च्या दंगलीत इस्तंबूलच्या ग्रीकांची घरे, दुकाने, चर्चे फोडली गेली. माणसे घालवायची आणि त्यांचे संगीत मात्र आपण सारे मिळून जोपासले म्हणायचे, हा ढोंगीपणा आहे, असे कोणी आर्मेनियन किंवा ग्रीक म्हणाला तर त्याला मी काय सांगणार? तो म्हणतो ते अक्षरशः खरे आहे. केवळ एवढेच विचारावेसे वाटते की, ही हानी मोजायची कशी? वंशाच्या खातेवहीत ती मांडता येत नाही, कारण ज्याच्या नावावर मालमत्ता चढते त्याच्या खात्यात हानी दिसतच नाही. ती दिसते तालमीच्या साखळीत. सुलतान तिसरा सेलीम हा स्वतः रचनाकार. त्याला तंबूर शिकवला इसाक या ज्यू वादकाने. थोर रचनाकार देदे एफेंदींचा शिष्य निकोगोस आर्मेनियन. जेमिल बे यांचे ज्येष्ठ समकालीन तात्योस एफेंदी आर्मेनियन, ज्यांची हुसेनी मकामातली साज सेमाई आजही वाजते. या साखळीतली कडी कुठे तुटली, कोणाचा शिष्य मिळेनासा झाला, कोणत्या गल्लीतले घर बंद झाले, हे नोंदवले तरच अन्याय दिसू लागतो. न्याय मागणाऱ्यांना माझी फूटपट्टी दुबळी करत नाही, उलट त्यांच्या हातात नावे देते.

तिसरा मुद्दा परंपरेच्या रखवालदारांचा. ते म्हणतात, हे माझे, असे कोणी ठामपणे म्हटल्याशिवाय काहीच टिकत नाही, आणि जेमिल बे यांच्यासारख्या झंझावाती कलावंताने खुद्द परंपरेचे नुकसान केले. यातला दुसरा भाग मी कबूल करतो. त्यांच्या शैलीने तरुण वादकांना असे झपाटले की जुनी संथ तंबूरशैली बहुतेक नाहीशी झाली. एका माणसाच्या प्रतिभेने दुसरी वाट बंद पाडली, आणि त्या वाटेवरचे सौंदर्य वेगळे होते. पण ती जुनी शैली आली कुठून आणि तिला जपले कोणी? ज्यू इसाककडून ती ओस्कियाम या आर्मेनियन वादकाकडे गेली, ओस्कियामच्या एका शिष्याकडून डॉक्टर सुप्ही एझ्गी यांच्याकडे आली, आणि हेच एझ्गी पुढे आरेल यांच्या जोडीने तुर्की संगीताचे शास्त्रकार झाले. शुद्ध म्हणून जी बाजू मिरवायची तीच अशी हातोहात आलेली आहे. आणि टिकवण्याबद्दल म्हणाल, तर सतराव्या शतकात या संगीताचे लेखन केले ते अली उफ्की नावाने राहिलेल्या पोलंडच्या एका युद्धकैद्याने. त्यानंतर साडेतीनशेच्या आसपास वाद्यरचना स्वतःच्या लिपीत उतरवल्या त्या मोल्दाव्हियाचा राजपुत्र दिमित्री कांतेमीर याने. एकोणिसाव्या शतकात ज्या स्वरलिपीने शेकडो रचना वाचल्या ती बनवली आर्मेनियन हांपार्सुम लिमोंजियान याने. आणि जेमिल बे आज आपल्याला ऐकू येतात ते ब्लूमेंथाल या ज्यू बंधूंच्या ओर्फेऑन तबकड्यांमुळे. यांपैकी कोणाच्याही कामाला मालकीचा दाखला लागला नव्हता. त्यांना ते संगीत आवडले होते, समजले होते, किंवा त्यावर त्यांचे पोट होते, आणि या तिन्ही गोष्टी मला सारख्याच प्रामाणिक वाटतात.

जेमिल बे यांच्यानंतर हे संगीत कुठे गेले, तेही याच दिशेने बोट दाखवते. त्यांचे चिरंजीव मेसुत जेमिल बर्लिनला जाऊन चेलो शिकले, १९३२ च्या कैरो येथील अरब संगीत परिषदेला तुर्कस्तानचे प्रतिनिधी म्हणून गेले, आणि पुढे नभोवाणीवर त्यांनी या संगीताला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली. उदवादक शरीफ मुहिद्दीन इस्तंबूलहून बगदादला गेले आणि १९३० च्या दशकात तिथल्या संगीतसंस्थेची घडी बसवून जमील आणि मुनीर बशीर या बंधूंना त्यांनी शिकवले. बगदादची उदवादनाची जी शाळा आज अरब जगात नावाजली जाते तिचे बी असे इस्तंबूलमधून आले. आणि आपल्या काळात इस्तंबूलचे देर्या तुर्कान आणि अथेन्सचे सोक्रातिस सिनोपुलोस या दोघांनी शेजारी बसून याच नखाच्या वाद्याचे युगुलवादन ध्वनिमुद्रित केले आहे. एक त्याला केमेंचे म्हणतो, दुसरा लिरा. ते ऐकताना कोणते नख कोणाचे, हे मला अजून ओळखता आलेले नाही, आणि मी ते पुष्कळदा ऐकले आहे.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. जेमिल बे यांच्या एकच वर्ष आधी, १८७२ साली, कैरानाला अब्दुल करीम खाँ जन्मले. तेही तीन मिनिटांच्या तबकडीत मावले, आणि त्यांनी घर केले ते मिरजेला. त्यांची तालीम सवाई गंधर्वांकडे आली, तिथून भीमसेन जोशी आणि गंगूबाई हनगळ यांच्याकडे. अल्लादिया खाँ कोल्हापुरास राहिले आणि गोव्याच्या केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर त्यांच्यासमोर वर्षानुवर्षे बसल्या. हे गाणे हिंदूंचे की मुसलमानांचे, असा वाद आजकाल आपल्याकडेही त्वेषाने घातला जातो, आणि दोन्ही बाजूंचे लोक ध्रुपद, सामवेद, अमीर खुसरो अशी नावे एकमेकांवर फेकतात. मोगूबाईंनी खाँसाहेबांपुढे जी वर्षे घातली, त्या वर्षांचा उल्लेख या वादात मी कधी ऐकला नाही. त्यांची अनवट रागांतली एखादी तान जुन्या ग्रंथांतल्या कोणत्या श्लोकावरून सिद्ध करणार?

म्हणून माझी मागणी साधी आहे. इस्तंबूलमध्ये, अथेन्समध्ये किंवा पुण्यात, जुन्या ध्वनिमुद्रणांचा संच निघेल, मैफलीची निवेदने लिहिली जातील, संगीताचे पाठ्यपुस्तक बनेल, तेव्हा कलावंताच्या नावाखाली त्याचा वंश किंवा धर्म छापण्याआधी गुरू छापावा, गुरूचा गुरू छापावा, आणि शिष्यही छापावेत. ज्यांचा शिष्य पुढे सापडत नाही त्यांच्यापुढची जागा रिकामी ठेवावी, आणि ती का रिकामी आहे हे कारणासह, सालासह लिहावे. जेमिल बे यांच्या पानावर तंबूरच्या बाजूला अली एफेंदींचे नाव येईल आणि केमेंचेच्या बाजूला वासिलाकींचे. त्या संध्याकाळी आमच्या बैठकीत हा कागद कोणाजवळ असता तर तबकडी संपल्यावर आम्ही भांडण्याऐवजी वासिलाकी कसे वाजवत असतील याबद्दल बोललो असतो.